टाळी पडली की पडदा

सातारा,
१२ डिसेंबर १९४५

तीर्थस्वरूप मामांच्या पायांवर डोकं ठेवून जोतिबाचा नमस्कार.

आधी खुशाली लिहायची रीत आहे, पण आज ती लिहिण्यासारखी नाही. काल माझी भर गावात फजिती झाली.

लोकल बोर्डाच्या आरोग्य खात्यात मी सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून लागलो हे तुम्हाला ठाऊक आहेच. आजवर विहिरीत औषध टाकणं आणि गटारं बघणं एवढंच काम होतं. आता साहेबांनी नवीन काढलं आहे. चैत्रात जत्रा सुरू झाल्या की नदीकाठच्या गावांत पटकी उठते. म्हणून त्याआधी गावोगाव लोकांना सुई टोचायची. लोक सुईला भितात. तेव्हा आदल्या दिवशी इन्स्पेक्टरनं भाषण करून त्यांची मनं वळवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर सुया घेऊन येणार, असं ठरलं आहे.

पहिलं भाषण काल माहुलीच्या बाजूला एका गावात झालं. सगळं कागदावर लिहून नेलं होतं. उभा राहिलो आणि हातातला कागद थरथरायला लागला. "पटकीचे जंतू" एवढं म्हटलं आणि पुढचं घशातच राहिलं. पुढं बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरगं आजारी हाय का काय?" सगळा पार हसला. मी मान खाली घालून उरलेला कागद कसाबसा वाचून काढला. आज सकाळी डॉक्टरांपुढं पाटील आणि कोतवाल तेवढे आले, तेही नाइलाजानं. साहेब म्हणाले, "तुमच्यापेक्षा दवंडीवाला बरा."

मामा, आईला पटकीनं नेलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. सकाळी तिनं मला न्याहारी दिली आणि दिवेलागणीला तिला नदीवर नेलं. मी हे कुणाला बोलून दाखवत नाही, पण या खात्यात नोकरी धरली ती त्यासाठी. आणि आता नेमकी बोलायची वेळ आली तर तोंड उघडत नाही. तुम्ही उभा जन्म नाटक कंपनीत राजे केलेत. मला बोलायला शिकवा. नाहीतर साहेब मला कारकुनीत टाकतील आणि ती गावं तशीच राहतील.

तुमचा
जोतिबा

*

सांगली,
१९ डिसेंबर १९४५

चिरंजीव जोती, तुला पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसलो. मग तुझ्या आईबद्दलच्या ओळींपाशी आलो आणि चष्मा पुसत बसलो. माझी धोंडूताई हाक मारायची तर सबंध आळीतली कुत्री उठून बसायची. तिच्या पोराचा आवाज घशात अडकतो, हे मी खपवून घेणार नाही.

बोलपट आले, आमची कंपनी बुडाली आणि हा राजा आता सांगलीच्या बाजारात आडत्याकडं हळदीची पोती बघतो. गंमत अशी, की या बाजारात भाव ठरवताना कुणी तोंडच उघडत नाही. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा. सगळा मुका कारभार. एवढा दणदणीत आवाज घेऊन मी मुक्यांत उभा असतो. तुझ्या निमित्तानं तरी या आवाजाचं काहीतरी होऊ दे.

आता ऐक. पहिल्यांदा तो कागद फाडून टाक. हातात कागद असला की माणूस कागदाशी बोलतो. जंतू कुणी पाहिलेत रं? न पाहिलेलं कशाला सांगतोस? लोकांनी जे डोळ्यांनी पाहिलंय तेच सांग. तुझ्या पत्रातलं न्याहारीचं वाक्य वाचून माझ्यासारखा बेरड माणूस रडला. तेच सांग. "सकाळी तिनं मला न्याहारी दिली," एवढं बोलून थांब. लोकांना त्या चुलीपाशी बसू दे. मग दिवेलागण सांग. थांबणं ज्याला जमलं त्याला बोलणं जमलं.

रोज सकाळी माहुलीच्या संगमावर जा आणि पलीकडच्या काठाशी बोल. तिकडं धुणं धुणाऱ्या बाईनं मान वर करून बघितलं पाहिजे. ओरडून नव्हे, पोटातनं. बोलताना पुढच्या खुर्चीवरच्या पाटलाकडं बघू नको, तो तुझाच माणूस आहे. सगळ्यांत मागं उभा असलेल्या माणसाकडं बघ. आम्ही पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकासाठी बोलायचो, म्हणून खुर्चीवाल्यांनाही ऐकू जायचं.

आणखी एक. आपल्या मनूला दिवस गेलेत. तिची आई असती तर आत्तापासून अंगडी शिवायला बसली असती. ते सुख तिच्या नशिबी नव्हतं, माझ्या आहे. मी आजोबा होणार, जोती.

तुझा मामा
आप्पासो

*

मलकापूर,
२२ जानेवारी १९४६

तीर्थस्वरूप मामा, नमस्कार.

आता आमचा मुक्काम कराडच्या अंगाला मलकापुरात आहे. इथून सायकलवर आसपासची गावं करतो. तुमचं सगळं ऐकलं. संगमावर तीन आठवडे ओरडलो. एका बाईनं मान वर केली, मग शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. पण मान वर केली हे खरं.

परवा पहिल्यांदा आईचं सांगितलं. न्याहारीपाशी थांबलो आणि मामा, गोठ्यातल्या बैलाची घंटा ऐकू आली एवढी माणसं गप्प झाली. माझाही गळा दाटून आला, पण बोललो. शेवटाला लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या, मामा! मला!

पण पुढं विचका झाला. टाळ्या थांबल्यावर मी तिथंच उभा राहिलो आणि एकेकानं विचारायला सुरुवात केली. "सुईनं ताप येतो म्हणं, मग दोन दिस मोटंवर कोण जाणार?" "देवीचा कोप झाला म्हंजी?" "माज्या म्हातारीला आधीच दमा हाय, तिनं घ्यावी का?" मी एकाला सांगतोय तोवर दुसरा बोलतोय. डोळे पुसणारी माणसं तंबाखू मळायला लागली. मघाचा सगळा रंग उतरला. निम्मी माणसं उठून गेली. या प्रश्नांचं काय करू?

तुमचा
जोतिबा

*

सांगली,
२९ जानेवारी १९४६

चि. जोती, शाब्बास माझ्या पठ्ठ्या.

टाळी मिळाली म्हणजे तू आमच्या घराण्यातला झालास. आता दुसरा धडा. तू टाळीनंतर उभा राहिलास, तिथं चुकलास.

मला सांग, तिसऱ्या अंकात राजा मरतो, पडदा पडतो. मग तो राजा उठून पुढं येऊन "मी कसा मेलो, तुमची काही शंका?" असं विचारतो का? एकदा आमच्या कंपनीतला एक मेलेला सरदार विंगेत विडी ओढताना पिटातल्या लोकांना दिसला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या मरणाला कुणी रडेना.

टाळी पडली की पडदा. हे लिहून ठेव. उपरणं सावर, नमस्कार कर, खाली उतर आणि सरळ चालायला लाग. मागं वळून बघायचं नाही. ऐकलेलं मनात घेऊन लोकांनी घरी जायला पाहिजे. शंकाकुशंका सकाळी डॉक्टर बघून घेईल, त्याला त्याचाच पगार आहे.

तुझ्या यादीत रेठवळ आहे ना? आपल्या मनूचं सासर. तिथं बोलशील तेव्हा माझ्या नावाला शोभेल असं बोल. पोर लहान असताना विंगेत कपड्यांच्या पेटाऱ्यावर झोपायची. बाकीचे कितीही ओरडले तरी उठायची नाही. मी बोलायला लागलो की डोळे उघडायची.

तुझा मामा
आप्पासो

*

मलकापूर,
११ मार्च १९४६

तीर्थस्वरूप मामा, नमस्कार.

रेठवळ झालं! तुम्ही असायला हवं होतं.

मारुतीच्या देवळापुढं सभा होती. पुरुष पुढं, बायका मागं भिंतीला लागून. मी त्या भिंतीकडं बघूनच बोललो. न्याहारीपाशी थांबलो तेव्हा सगळ्या बायकांचे पदर डोळ्यांना लागले. शेवटचं वाक्य बोललो आणि टाळ्या पडल्या त्या थांबेचनात. मी उपरणं सावरलं, नमस्कार केला आणि खाली उतरलो.

मनू देवळाच्या कोपऱ्याला उभी होती. डोईवर पदर, हातात डबा. माझ्याकडंच बघत होती. तिला काहीतरी बोलायचं असावं असं वाटलं. पण टाळ्या अजून चालू होत्या आणि तुमचं सांगणं कानात होतं. मी हात वर केला, हसलो, सायकलवर टांग टाकली आणि निघालो. मामा, मागं वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडं किती लोक आले ते अजून कळलेलं नाही. पण एवढ्या टाळ्या पडल्या म्हणजे गाव वळलं असणारच.

एक विचारायचं आहे. आईची गोष्ट आता अगदी तोंडात बसली आहे. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, सगळं कळतं. पहिल्यांदा सांगितली तेव्हा माझा गळा दाटला होता. आता दाटत नाही. हे बरं की वाईट?

तुमचा
जोतिबा

*

रेठवळ,
१५ मार्च १९४६

आबांच्या पायावर मनूचा दंडवत.

आवं आबा, जोतीदादा आलता. काय बोलला वो! सगळं गाव चिडीचूप. आमचं धाकलं दीर दगडावाणी मानूस, त्येबी रडलं. धोंडूआत्याचं सांगितलं तवा मी तर हुंदकं दिऊन रडले. मला वाटलं तुमीच हुबं हायसा. आता पानवठ्यावर समद्या बाया म्हणत्यात, मनुबाईचा दादा, मनुबाईचा दादा. माजा मान लय वाढला बगा.

येक तेवडं राहिलं. पोटुशी बाईनं ती सुई घ्यावी का न्हाई, हे मला त्याला इचारायचं हुतं. सासूबाई म्हणत्यात, सुईनं पोटातलं पडतं. ह्यांनी स्वता घेतली. फौजेत असताना तर लय येळा घेतलीया. म्हणून ह्यांना इचारलं, तर म्हणालं, "फौजेत पोटुश्या बाया नव्हत्या. मला काय म्हाईत?" चार मानसांत सुनंनं तोंड कसं उघडावं? म्हणून मी डिंकाचं लाडू घिऊन देवळाच्या कोपऱ्याला थांबलेवते. दादा ह्या वाटंनं जाईल तवा हळूच इचारीन म्हटलं. दादानं हात केला आन् गेला.

सकाळी डागदर आलं. पर परक्या बाप्याला असलं कसं इचारायचं? मी न्हाई गेले, म्हणून जावबाई न्हाई गेली. आमच्या आळीतली येकबी बाई गेली न्हाई. आबा, तुमी दादाला इचारून मला कळवा. जत्रा जवळ आली. पोर लय लाथा मारतंय, तुमच्यावाणीच दांडगं हाय.

लाडू मीच खाल्लं.

तुमची
मनू

*

सांगली,
२० मार्च १९४६

चि. सौ. मनूस आबांचे आशीर्वाद.

पोरी, तुझं पत्र अख्ख्या अडतीत वाचून दाखवलं. माझा शिष्य तुझ्या सासरी गाजला, आणखी काय पाहिजे? तुझे दीर रडले हे तर मी दोनदा वाचलं.

सुईचं मला काय कळतंय? ते जोतीचं खातं. त्याला लिहितो, तो येऊन सांगेल. तोवर सासूबाई म्हणतात तसं ऐक. रंगूबाई घरात मोठ्या आहेत, त्यांचं मन मोडू नको. आणि जड उचलू नको.

लाडू तूच खाल्लेस ते झकास केलंस. बाळंतपणाला न्यायला मी स्वतः येतो.

तुझे
आबा

*

सांगली,
२० मार्च १९४६

चि. जोती, आशीर्वाद.

रेठवळची हकीकत मनूनंही कळवली. तू मागं वळला नाहीस, शाब्बास! भल्याभल्या नटांना हे जमत नाही. टाळी ऐकू आली की पाय रेंगाळतात.

तुझा गळा दाटत नाही म्हणून घाबरू नको. गळा लोकांचा दाटायचा असतो. आपला दाटला तर बोलणार कोण? आता तू तयार झालास.

ता. क. मनूला तुला सुईबद्दल काहीतरी विचारायचं आहे. तिकडं गेलास की भेट.

तुझा मामा
आप्पासो

*

सातारा,
८ एप्रिल १९४६

तीर्थस्वरूप मामा, नमस्कार.

घाईत लिहितो आहे. साताऱ्यात साऱ्या जिल्ह्याच्या इन्स्पेक्टरांची सभा आहे आणि "लोकांपुढं बोलावं कसं" हे सगळ्यांना शिकवायला साहेबांनी मला निवडलं आहे. दवंडीवाल्यापेक्षा वाईट होतो तो मीच! तुमचे सगळे धडे त्यांना देणार आहे. पडद्याचा धडा शेवटी ठेवला आहे.

डॉक्टरांचं टिपण आलं. रेठवळला पुरुष बऱ्यापैकी आले, बायका जवळजवळ नाहीतच. साहेब म्हणाले, बायका लाजतात, पुढच्या वर्षी बघू. मला जरा चुटपुट लागली. पण एवढ्या टाळ्या पडल्या होत्या, मामा.

मनूचं लक्षात आहे. त्या दिवशी तिचा डबाही चुकला. ही सभा उरकली की रेठवळची जत्रा आहे, गर्दीत बोलणं होणार नाही. जत्रा झाली की निवांत जाईन.

तुमचा
जोतिबा

*

मलकापूर,
११ मे १९४६

मामा,

तुम्ही रेठवळला आलात, मनूची राख सावडलीत आणि माझ्याशी एक शब्द न बोलता परत गेलात. मोटारीत बसताना तुमचं उपरणं खाली पडलं होतं. मी उचलून दिलं, तेही तुम्ही माझ्याकडं न बघता घेतलंत. तुम्ही विचारलं नाही, तरी मला सांगितलंच पाहिजे.

जत्रेला आलेल्या लोकांनी नदी घाण केली आणि आठवड्यानं गावात पटकी शिरली. सगळ्यांत आधी मनूलाच झाली. सकाळी तिनं नवऱ्याला, मानसिंगरावांना, न्याहारी दिली. पुढचं मी लिहीत नाही. पुढचं मी गावोगाव सांगत फिरलो आहे. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, मला सगळं पाठ होतं.

मी पोचलो तेव्हा तिला आणि तिच्या पोटातल्या लेकराला नदीवर नेऊन झालं होतं. रंगूबाई दारात बसून होत्या. मला बघून रडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या दिशी तुज्यासाठी थांबली हुती रं. पोटुशी बाईनं सुई घ्यावी का, येवडंच इचारायचं हुतं तिला. मी नगं म्हणत हुते. तू व्हय म्हणला असतास तर तिनं माजं ऐकलं नसतं."

मामा, मला उत्तर माहीत होतं. खात्यानं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, की पोटुशीनं सुई घ्यायला हरकत नाही. माझ्या त्या पहिल्या कागदावरसुद्धा ते लिहिलेलं होतं. तुम्ही कागद फाडायला सांगितलात, तो मी फाडला. पण हे वाक्य मी नंतर दर सभेत आठवूनही गाळलं, कारण आईच्या गोष्टीनंतर ते बोललो की रंग जायचा. भिंतीला लागून बसलेल्या त्या सगळ्या बायकांना मी रडवलं आणि त्यांना हवं होतं तेवढं एक वाक्य न सांगता सायकलवर बसलो.

मनूचे डोळे दिसतात. मी हात केला तेव्हा तिनंही डबा एका हातात धरून दुसरा हात अर्धा वर केला होता. हे मी तुम्हाला तेव्हा लिहिलं नव्हतं.

राजीनामा लिहून ठेवला आहे. आता माझ्याच्यानं कुणापुढं तोंड उघडवणार नाही.

जोतिबा

*

सांगली,
२ जून १९४६

जोती,

तुझ्यावर राग धरून मी गप्प होतो असं तुला वाटलं असेल. तसं नव्हतं रं बाबा.

जन्मभर मी रंगभूमीवर मेलेल्या लेकरांसाठी रडलो. नदीवर उभा राहिलो, समोर माझ्या मनूची राख होती, आणि तोंडाशी काय आलं सांगू? लेकराच्या मरणावरचं तिसऱ्या अंकातलं भाषण. शब्दाला शब्द. माझं स्वतःचं एक अक्षर आतून वर येईना. मला त्या भाषणाची एवढी शिसारी आली की दात आवळून धरले. तोंड उघडलं असतं तर तेच बाहेर पडलं असतं आणि कदाचित चांगलंही वठलं असतं. म्हणून तुझ्याशी बोललो नाही. कुणाशीच बोललो नाही.

आता तुला ठाऊक नाही ते सांगतो. मनूनं मलाही विचारलं होतं. स्पष्ट लिहिलं होतं, पोटुशीनं घ्यावी का न्हाई. जत्रा जवळ आली, दादाला विचारून कळवा, असंही लिहिलं होतं. ते पत्र मी अडतीत चार लोकांना वाचून दाखवलं, जोती. तुझ्या भाषणाचं तेवढं मोठ्यानं वाचलं आणि तिचा प्रश्न आला तिथं घडी घातली, बायकी गोष्ट म्हणून. तुला लिहिताना नुसतं "काहीतरी विचारायचं आहे" लिहिलं. आणि तिला लिहिलं, सासूबाई म्हणतात तसं ऐक. तिनं ऐकलं. लहानपणापासून माझं ऐकायची.

तू एकदा मागं वळला नाहीस. तेही मी शिकवलं म्हणून. आणि तू कळवलंस की ती डबा घेऊन उभी होती, तेव्हा मी तुला शाब्बास म्हटलं. बापानं शाब्बास म्हटलं. हे कुठं नेऊन ठेवू?

कालपासून बाजारात जायला लागलो. रुमालाखाली दोघांचे हात बघत बसलो होतो. एकानं बोट दाबलं की दुसरा उलट दाबतो. त्यालाही त्याचं म्हणणं असतं. त्याचं बोट कळायच्या आधी हात काढून घेतला तर या बाजारात त्याला सौदा म्हणत नाहीत. इतकी वर्षं मी या मुक्या लोकांना हसलो. आणि तुला काय शिकवलं? दाब आणि पळ.

संध्याकाळी घाटावर गेलो होतो. रेठवळहून येते ती हीच कृष्णा. तिकडं सोडलेली राख माझ्या समोरून कधीतरी गेली असेल. मला कळलं नसेल.

राजीनामा फाड. हे मी मामा म्हणून सांगत नाही, मनूचा बाप म्हणून सांगतो. रेठवळला परत जा. धोंडूताईची गोष्ट सांगू नको. मनूचीही सांगू नको. त्या दोघींना आता राहू दे. सुईचं काय ते साधं सांग, कागद धरून सांगितलंस तरी चालेल, हात थरथरले तरी चालेल. बोलून झालं की निघू नको. देवळाच्या त्या कोपऱ्याला जाऊन जमिनीवर बस. शेवटची बाई घरी जाईपर्यंत उठू नको. कुणी आलं नाही तरी बस.

मला यापुढं काही शिकवता येणार नाही.

आप्पासो

*

मलकापूर,
१२ जून १९४६

तीर्थस्वरूप मामा, नमस्कार.

काल रेठवळला गेलो. या वेळी डॉक्टरांना बरोबरच नेलं.

वाईट बोललो. कागद हातात होता. मध्येच आवाज गेला, तेव्हा मानसिंगरावांनी पुढं येऊन पाण्याचा तांब्या दिला आणि शेजारीच उभे राहिले. टाळी कुणी वाजवली नाही. माणसं उठून गेली. मी कोपऱ्याला जाऊन बसलो.

बराच वेळ कुणी आलं नाही. बायका भिंतीला लागून तशाच बसून होत्या. माझ्याकडं बघायच्या आणि मान वळवायच्या. एकदा वाटलं उठावं. तुमचं पत्र खिशात होतं, त्यावर हात ठेवून बसून राहिलो.

मग रंगूबाई उठल्या. धाकट्या सुनेचा हात धरून तिला माझ्यापुढं आणलं. मनूची जाऊ. तिलाही दिवस गेले आहेत. ती खाली बघत उभी होती. रंगूबाईंनी तिचा हात सोडला नाही. मागं सगळ्या बायका ऐकत होत्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "पोटुशी बाईनं सुई घेतली तर चालती का?"

मी म्हटलं, "चालती."

एवढंच होतं, मामा.

तुमचा
जोतिबा